हौसेचे हात: देवास ते झाबुआ



भाद्रपदी पौर्णिमा आली की माळव्यातल्या मुली शेण गोळा करायला निघतात. घराच्या दर्शनी भिंतीवर हातभर जागा सारवून घ्यायची, शेणाच्या बारीक वळ्या करून त्या दिवसाची आकृती तिथे चिकटवायची आणि वळ्या ओल्या आहेत तोवर त्यांवर पाकळ्या दाबून बसवायच्या. गुलबक्षी, कण्हेर, झेंडू, तेरडा, त्या दिवशी परसात जे फुलले असेल ते. ही संजा. सर्वपित्री अमावास्येपर्यंत ती चालते आणि आकृती रोज नवी असते. वर चंद्र-सूर्य असतातच. चौथीला सोंगट्यांचा पट, पंचमीला पाच कुमार, सप्तमीला स्वस्तिक, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी. गावागणिक क्रम थोडा बदलतो. शेवटच्या दिवसांत मात्र सगळीकडे किलाकोट उभा राहतो. चारही बाजूंनी तट, आत बैलगाडी, ढोल वाजवणारा, मोर, कावळा, शिडी, आणि तटाबाहेर कोण असावे हे त्या त्या घरातल्या मुली ठरवतात. संध्याकाळी गाणी होतात, आरती होते, आणि प्रसाद झाकून ठेवून तो काय आहे हे सगळ्यांना ओळखायला लावतात. भोंडल्याच्या खिरापतीवर वाढलेल्या कुणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिंदे, होळकर आणि पवार यांच्या संस्थानांतल्या कचेऱ्यांत, शाळांत, फौजेत नोकरीला आलेली मराठी कुटुंबे या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांच्या घरी चैत्रात अंगणात चैत्रांगण निघे. गौरीचा पाळणा, शंख, चक्र, कासव, हत्ती, गोपद्मे, सगळे चिमटीतल्या रांगोळीने. दिवाळीत मुलगे मातीचा किल्ला करत आणि त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवत. शेजारच्या भिंतीवर संजा बसली की या घरांतल्या मुलींचे हातही शेणात जात. बुरूज आणि तट या घरांत मुलग्यांच्या मातीत दिसत, शेजारी मुलींच्या शेणात. एकाच पोराच्या बालपणात दोन्ही मावत.

या सगळ्याला आपण हौस म्हणतो. म्हणतो आणि थोडे खाली ठेवतो. खरी कला वर, हौस खालच्या पायरीवर, असा एक जिना आपल्या मनात पक्का बसलेला असतो. आजच्या व्याख्यानाचे म्हणणे असे आहे की देवासपासून इंदूर, धार, सरदारपूर, झाबुआ ते गुजरातच्या सीमेवरच्या पिटोलपर्यंत जाणाऱ्या या एका रस्त्यावर तो जिना सापडत नाही. या रस्त्यावरचे थोर कलावंत घरगुती कारागिरी मागे टाकून मोठे झाले नाहीत. त्यांच्यातले काही तर मोठे झाल्यावर तिच्याकडेच वळले. आणि जिथे घरातल्या हौसेतून कला उभी राहिली तिथे दर वेळी मध्ये कुणीतरी थांबून पाहणारे किंवा ऐकणारे माणूस होते. ते माणूस कोण होते, त्याने काय पाहिले, हे तपासणे हाच आजचा विषय.

सुरुवात देवासची. १९२१ साली देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे एक इंग्रज लेखक खाजगी चिटणीस म्हणून राहायला आला. ई. एम. फॉर्स्टर. त्या पावसाळ्यात राजवाड्यातली गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिली आणि घरी पाठवलेल्या पत्रांत तिचे सविस्तर वर्णन केले. देवापुढची आरास, गर्दी, गुलाबाच्या पाकळ्या, चकचकीत कागद, दिवसरात्र चाललेले भजन. इंग्रजी सौंदर्यदृष्टीला त्या आराशीत नेटकेपणा दिसेना, आणि तरीही त्या गोंधळात काहीतरी मोठे घडते आहे हे त्याला जाणवत राहिले. १९२४ साली ‘अ पॅसेज टू इंडिया’ प्रसिद्ध झाली, तिच्या शेवटच्या भागातला कृष्णजन्म थेट या गोकुळाष्टमीतून आला आहे. ती पत्रे पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली गेली. आरास करणाऱ्या हातांची नावे कुठेही नाहीत. कुणी कागद कातरले, कुणी हार गुंफले, कुणी झोपाळा सजवला, काही कळत नाही. जगाने वाचलेल्या एका कादंबरीचा कळस त्या हातांनी उभा केला एवढे मात्र नक्की.

दुसरा माणूस देवासला आला तो आजारी होऊन. जानेवारी १९४८मध्ये क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व इथल्या कोरड्या हवेसाठी मुंबई सोडून आले. वय तेविशीचे, पाठीशी लहानपणापासूनची कीर्ती, आणि डॉक्टरांचा हुकूम की गायचे नाही. पत्नी भानुमतीबाई शुश्रूषा करत आणि शाळेत शिकवून घर चालवत. खाटेवर पडलेल्या गवयाला करण्यासारखे एकच काम उरले होते, ऐकणे. बाहेरून माळवी गाणी येत. दळणकांडणाची, लग्नाची, सणावारांची, पाळण्याची. चार-पाच सुरांत फिरणारी ही गाणी गाणाऱ्या बायांनी त्यांना संगीत म्हटलेही नसेल, हाताला काम होते तसे तोंडाला गाणे होते. कुमारांनी ती ऐकली, लिहून घेतली, पुढे हिंडून आणखी गोळा केली. आणि त्यांच्या ध्यानात आले की रागाचे बीज या धुनांत आधीपासून पडलेले आहे. त्यातून त्यांनी घडवलेल्या रागांना धुनउगम राग म्हणतात. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी, निंदियारी ही त्यांतली काही नावे. १९६५ साली आलेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये हे काम नोंदले गेले. माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रमही त्यांनी बांधला आणि मैफलीच्या रसिकांपुढे त्या बायकांची गाणी मानाने मांडली.

इथे थोडे थांबले पाहिजे. शास्त्रीय संगीताने लोकसंगीतावर उपकार केले, त्याला वर उचलले, असे या कामाबद्दल पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. कुमारांना त्या धुनांची गरज होती. जुन्या कीर्तीचा गळा गेला होता, नव्या श्वासाने नवे गाणे शोधायचे होते, आणि तो शोध त्यांना शेजारच्या बायकांच्या गाण्यात लागला. देणाऱ्या त्या होत्या.

देवासहून इंदूर तासाभराच्या आत येते. तिथे १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेची शाळा सुरू केली. राजाश्रय असलेल्या गावात असते तशी साधी शाळा, पण तिथून निघालेली नावे पाहिली तर आजही नवल वाटते. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, मकबूल फिदा हुसेन. देवळालीकर मुलांना बाहेर नेत, माळव्याचे ऊन, नाले, बाजार समोर बसून रंगवायला लावत. बेंद्रे पुढे मुंबई-बडोद्याला गेले, हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवत रंगवत जगभर पोचले.

याच शाळेत विष्णू चिंचाळकर शिकले. जन्म १९१७ सालचा, तेव्हाच्या देवास संस्थानातला. त्यांनी रीतसर चित्रकला आत्मसात केली होती. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, जलरंग, तैलरंग, कशातही हात मागे नव्हता. ते मात्र इंदुरातच राहिले. कुमार गंधर्व, ‘नईदुनिया’चे संपादक राहुल बारपुते, नाट्यकर्मी बाबा डिके आणि चिंचाळकर, या चौघांची मैत्री इंदूर-देवासच्या जुन्या माणसांना आजही आठवते. कुमार जन्माने कानडी, बाकीचे तिघे मराठी, आणि चौघांनीही माळव्याला आपले गाव मानून तिथेच काम केले. सगळे गाव चिंचाळकरांना ‘गुरुजी’ म्हणे.

आणि मग या शिकलेल्या, नावाजलेल्या चित्रकाराने चौकटीतले चित्र हळूहळू बाजूला ठेवले. सुकलेली पाने, काटक्या, झाडाची मुळे, सालपटे, बिया, चिंध्या, फुटक्या भांड्यांचे तुकडे, मोडक्या वस्तू यांतून ते आकृत्या काढू लागले. काढू लागले म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही आपली शाळेतली कल्पना इथे लागू पडत नाही. टाकाऊतून टिकाऊमध्ये आधी ठरते की फुलदाणी करायची, मग बाटली शोधायची, तिला दोरा गुंडाळायचा, सोनेरी रंग द्यायचा. बाटली बाटली राहू नये यासाठी सगळी धडपड. गुरुजींचा क्रम उलटा. आधी वस्तू हातात घ्यायची. फिरवायची, आडवी धरायची, उलटी धरायची, उजेडात धरायची, लांबून बघायची. सालपटाच्या एका गाठीत डोळा दिसतो. डोळा दिसला की शेजारची भेग चोच होते. मुळाच्या फाट्यात वाकलेली पाठ दिसते. जे दिसले ते दुसऱ्यालाही दिसावे एवढ्यापुरतेच काहीतरी करायचे. एखादी काडी जोडायची, एखादा ठिपका द्यायचा, कधी नुसते योग्य बाजूने उभे करायचे. साल सालच राहते, आणि पक्षीही होतो.

पॅरिसमध्ये १९४२ साली पिकासोने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके केले, ते जगप्रसिद्ध आहे. चंडीगढमध्ये नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने नोकरीची वेळ संपल्यावर सरकारी जंगलाच्या जागेत, कुणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि दगडगोट्यांचे अख्खे नगर वसवले, ते १९७६ साली रॉक गार्डन म्हणून लोकांना खुले झाले. दोन्ही उदाहरणे मोठी आहेत. पिकासोला ते मुंडके एकदा दिसले आणि त्याने ते ओतवून घेतले. नेकचंदांनी वर्षानुवर्षे एकट्याने एक विश्व उभे केले. चिंचाळकरांचे वेगळेपण असे की त्यांना ते दिसणे वाटून टाकायचे होते. ते मुलांपुढे बसत, शिक्षकांपुढे बसत, आणि समोरच्याला त्याचा स्वतःचा पक्षी दिसेपर्यंत धीर धरत.

‘खुलते अक्षर खिलते अंक’ हे त्यांचे हिंदी पुस्तक याच वृत्तीचे आहे. अक्षरे आणि आकडे यांच्या वळणांतून प्राणी, माणसे, वस्तू कशा उमलतात ते तिथे रेषांनी दाखवलेले आहे. कोणत्याही पालकाला हा खेळ आज संध्याकाळी घरी करून पाहता येईल. मुलाला मोठा २ काढून द्यावा आणि काही न बोलता पेन्सिल त्याच्या हाती द्यावी. बहुतेक मुलांचे बदक होईल. मग तोच २ आडवा करून द्यावा. इथे मूल थबकते, कारण पाठ केलेले बदक आता मदतीला येत नाही. त्या थबकण्यातून जे निघते ते त्याचे असते. पहिलीच्या वर्गात २ हा गिरवायचा आकडा असतो, आणि गिरवताना चुकला तर लाल रेघ. गुरुजींच्या पद्धतीत तोच आकडा मुलाला धाक न दाखवता हातात येतो, आणि गंमत म्हणजे लक्षातही पक्का राहतो.

पुस्तकी चित्रकलेचा त्याग वगैरे शब्द या संदर्भात वापरू नयेत. चिंचाळकरांचा हात शिकलेला होता म्हणून काटकीतली पाठ त्यांना इतकी अचूक दिसली. वर्षानुवर्षे माणसांची रेखाटने केल्याशिवाय वाकण्याचा भार कुठे पडतो ते कळत नाही. म्हणजे शिक्षण वाया गेले नाही. फक्त त्यांनी ते शिक्षण प्रदर्शनाच्या दालनातून बाहेर आणून परसात वापरले. असे करणारा कलावंत बाजारात मागे पडतो. चिंचाळकरांच्याच शाळेतून निघालेल्या चित्रकारांची चित्रे लिलावात कोट्यवधींना गेली. गुरुजींच्या कामाचा लिलाव कसा करणार? पान चुरते, बी किडते, साल उकलते. २००० साली ते गेले तेव्हा मागे राहिले ते मुख्यतः त्यांच्याकडून पाहायला शिकलेले लोक. त्यांतले एक घरातलेच. चिरंजीव दिलीप चिंचाळकर. अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकाची सजावट आणि रेखाटने त्यांची. तळी बांधणाऱ्या अनाम गावकऱ्यांवरचे ते पुस्तक १९९३ साली आले, त्यावर लेखकाने हक्क राखून ठेवला नाही, आणि ते खेड्यापाड्यांत गेले. त्या रेखाटनांत पाळ, घाट, रहाट सगळे थोडक्या रेषांत उभे राहते.

मध्य प्रदेशात हा विचार शाळेतही शिरला होता. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांत विज्ञान हाताने करून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. १९८२ साली त्यातून ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली, तिचे एक केंद्र देवासलाच होते, आणि १९८५पासून तिने मुलांसाठी ‘चकमक’ मासिक काढले. महागड्या प्रयोगशाळेऐवजी बाजारात मिळेल, घरात सापडेल ते साहित्य वापरायचे ही त्यांची शिस्त. याच कार्यक्रमात कामाला आलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रामुळे मराठी मुलांच्या घरोघरी पोचले. त्यांची आगकाड्यांची रचना आठवावी. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी बोटाच्या पेराएवढी कापायची, तिच्या दोन्ही तोंडांत आगकाडी खुपसायची, झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच तिरका होतो. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे मुलाला त्याच्या बोटांनी सांगितलेले असते.

इंदूर सोडून पश्चिमेला निघाले की धार. तिथे वेगळ्या जातीचा कलावंत भेटतो. रघुनाथ कृष्ण फडके, जन्म वसईचा, १८८४ सालचा. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा. संस्थानच्या कामाच्या निमित्ताने ते धारला आले आणि धारचेच होऊन गेले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ साली ते निवर्तले. त्यांचे काम टिकण्यासाठी होते. तरी पुतळ्याचा आरंभ ब्राँझमध्ये होत नाही, तो ओल्या मातीत होतो. माती थापायची, काढायची, पुन्हा थापायची, ओल्या फडक्याने झाकून ठेवायची. मग प्लास्टरचा साचा, मग ओतकाम. चेहऱ्यातला जिवंतपणा जो काही येतो तो मातीच्या टप्प्यावर, अंगठ्याने. धारच्या फडके स्टुडिओत ठेवलेली त्यांची शिल्पे पाहिली की हे कळते. चौपाटीवर टिळक उंच चौथऱ्यावर आहेत. या स्टुडिओत चेहरे माणसाच्या उंचीवर येतात आणि हाताच्या खुणा वाचता येतात. या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे एकदा तरी गेली पाहिजे.

आता आपले सरदारपूर. एके काळी माळवा भिल्ल पलटणीची छावणी, आज तहसिलीचे गाव. माही नदी याच तहसिलीत मिंडा गावाजवळ उगम पावते आणि कर्कवृत्त दोनदा ओलांडून गुजरातेत जाते. या भागातल्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. इथे त्याला खरमोर म्हणतात, आणि १९८३ साली त्याच्यासाठी सरदारपूरला अभयारण्य झाले. वीण काळात नर गवतातून सरळ वर उडी घेतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा उडी घेतो. असा पक्षी ज्यांच्या शिवारात आहे त्या मुलांनी शाळेच्या चित्रकलेच्या वहीत डोंगरामागचा सूर्य आणि दोन नारळाची झाडे काढावीत, ही चिंता करण्यासारखी गोष्ट आहे.

दक्षिणेला त्याच धार जिल्ह्यात बाग आहे. तिथल्या लेण्यांतली चित्रे नामशेष होण्याआधी उतरवून घ्यायला १९२१ साली नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी आले होते. बाग तेव्हा शिंद्यांच्या मुलखात होते. आज त्या गावाची ओळख छापील कापड ही आहे. खत्री कुटुंबांचे हे पिढीजात काम, त्याला कुणी छंद म्हणणार नाही. पण छंद जोपासणाऱ्यांनी ते बघावे, कारण धीर काय असतो ते इथे दिसते. कापड आधी एरंडेल, खारे मीठ आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात मुरवतात, वाळवतात, मग हरड्याच्या पाण्यातून काढतात. काळा रंग गंजलेल्या लोखंडापासून, लालसाठी तुरटी, दोन्हींना चिंचोक्यांची खळ. लाकडी छाप्याने तुरटी कापडावर बसते तेव्हा लाल कुठेच नसतो. वाहत्या नदीत धुऊन कापड धावडीच्या फुलांसह अ‍ॅलिझरीनच्या भट्टीत उकळले की तिथे, तुरटी असेल तेवढ्याच जागी, लाल उमटतो. छापणारा माणूस दिवसभर न दिसणाऱ्या रंगात काम करतो. वाहते पाणी कमी पडले की रंग डागाळतो, त्यामुळे इथले कारागीर नदीच्या पाण्याची काळजी शेतकऱ्याइतकीच करतात.

रस्ता पुढे झाबुआतून पिटोलला जातो. पिटोलची भिल्ल मुलगी भूरीबाई भोपाळला मजुरीला गेली. भारत भवनाचे बांधकाम चालू होते, त्याचे उद्घाटन व्हायचे होते १९८२ साली. चित्रकार जगदीश स्वामीनाथन मजुरांना विचारत फिरत होते की तुमच्या घरच्या भिंतींवर तुम्ही काय काढता. भूरीबाईला हिंदी येत नव्हते, भिली येत होती. गावी रंग म्हणजे गेरू, खडू, हळद, तव्याची काजळी, पानांचा रस. पिथोरा देवाचे घोडे भिंतीवर काढायचा मान पुरुषांचा, लखिंद्र म्हणवणाऱ्या चित्रकारांचा. बायकांनी भिंती लिंपायच्या, बाकी नक्षी काढायची. स्वामीनाथन यांनी तिच्या हाती कागद, कुंचला आणि तयार रंग दिले, आणि मजुरीहून जास्त पैसे दिले. बसल्या बसल्या चित्र काढायचे पैसे कसे मिळतात हेच आधी तिला उमजेना. पुढे तिच्या चित्रांत झाडे, जनावरे, आणि मग बस, विमान, स्वतःचा जीवनप्रवास असे सगळे आले. २०२१ साली भूरीबाई पद्मश्री झाल्या. दोन वर्षांनी, २०२३ साली, झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला कापडी भिल्ल बाहुल्यांसाठी तोच सन्मान मिळाला.

या गोष्टी सांगताना पद्मश्रीपाशी येऊन थांबायची आपल्याला सवय आहे. सन्मान झाला हे चांगलेच झाले. पण स्वामीनाथन यांनी केलेले मोठे काम पुरस्काराच्या कितीतरी आधीचे आहे. डोक्यावर विटा घेतलेल्या बाईला त्यांनी एक प्रश्न विचारला, तुम्ही घरी काय काढता? कुमारांनी खाटेवरून तेच केले, गुरुजींनी मुलांपुढे बसून तेच केले. हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जात नाही. आजीने भरलेली गोधडी आपण वापरून फाडतो, तिने टाक्यांची ती रांग तशीच का घेतली हे विचारत नाही. निवृत्तीनंतर कुणी लाकूड कोरायला बसले तर घरचे म्हणतात, वेळ बरा जातो. एवढ्या शब्दांत त्या माणसाचे सगळे कष्ट, सगळी निवड, सगळा आनंद निकालात काढलेला असतो.

आज संजाही छापील मिळते. इंदूर-उज्जैनच्या बाजारात कागदावर किलाकोट छापून येतो, भिंतीला चिकटवला की झाले. पक्क्या रंगवलेल्या भिंतीवर शेण कोण लावू देणार, शहरात शेण आणायचे कुठून, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्याबद्दल मुलींना किंवा त्यांच्या आयांना बोल लावता येणार नाही. छंदवर्गांचेही असेच झाले आहे. डब्यात सगळे मोजून आलेले असते, कापलेले तुकडे, रंगाच्या कुप्या, पायऱ्यांचा कागद. अर्ध्या तासात वर्गातल्या सगळ्या मुलांचा एकसारखा मोर तयार होतो. हात चालतात, ही त्यातली चांगली बाजू. पण वस्तू फिरवून पाहणे, थबकणे, चुकणे, परसात जाऊन दुसरे काही शोधणे, हा भाग डबा विकणाऱ्याने आधीच करून टाकलेला असतो. छंदातला सगळ्यात रसाळ भाग विकत घेतानाच हरवतो.

मग सरदारपुरात काय करता येईल? फार पैसा लागणार नाही. वाचनालयाची एक खोली रविवारी उघडी ठेवावी, आणि त्या खोलीत विकतचे काही आणू नये. माहीकाठची चिकणमाती, पळसाची पाने, आंब्याच्या कोयी, मक्याची कणसे सोलून उरलेली भुट्टी, शिंप्याकडच्या चिंध्या, सायकल दुकानातल्या जुन्या ट्यूब, एवढे पुरे. एक भिंत मातीने लिंपून ठेवावी आणि पितृपक्षात ती मुलींच्या स्वाधीन करावी, मुलग्यांनाही बंदी नसावी. ‘खुलते अक्षर खिलते अंक’च्या दोन प्रती टेबलावर असाव्यात, कपाटात कुलूपबंद नकोत. शिकवायला बाहेरून कुणी बोलवायची गरज नाही. भिल्ल वस्तीतल्या भिंती लिंपणाऱ्या बायका आहेत, कुंभार आहेत, चैत्रांगण पाठ असलेल्या आजीबाई या तालुक्यात अजून आहेत. त्यांना मानधन मिळाले पाहिजे, हे स्पष्ट बोलून घ्यावे, कारण कलेच्या नावाखाली बायकांचे काम फुकटात घ्यायची जुनी खोड आहे. स्पर्धा ठेवू नये. क्रमांक आले की मुले परीक्षकाला काय आवडेल ते काढू लागतात. वर्षाच्या शेवटी जे झाले ते मांडून ठेवावे, करणाऱ्याचे नाव खाली लिहावे, आणि पाहायला येणाऱ्यांनी करणाऱ्याला निदान एक प्रश्न विचारून जावे. श्रावणात मुलांना खरमोराच्या माळापर्यंत न्यावे, लांबूनच, पक्ष्याला त्रास न देता. तो दिसलाच तर उत्तम. नाही दिसला तर मुले गवत पाहतील, आणि गवताची पाती, बोंडे, कुसळे वेचून खोलीत आणतील.